परक्या लाईनीवर

दौंड ते बारामती धावणाऱ्या छोट्या गाडीवर आबाजी गावडे ड्रायव्हर होता. ही लाईन पडली तेव्हा तो रुळांखाली खडी टाकायला लागला होता. पुढं शेडमध्ये इंजिनं पुसली, फायरमन झाला, आणि शेवटी वाफ सोडणाऱ्या रेगुलेटरच्या दांड्यावर त्याचा स्वतःचा हात आला. बारामतीत स्टेशनापाठीमागं रेल्वेची दोन खोल्यांची चाळ होती, तिथं तो आणि बायको द्वारकाबाई राहत. मूलबाळ नव्हतं. गाडीला मात्र सगळा तालुका ‘आबाजीची गाडी’ म्हणायचा आणि ते ऐकलं की द्वारकाबाई पदराआड हसायची.

गेल्या दोन वर्षांत आबाजीचं एक बिघडलं होतं. तंबाखू फार वाढली होती. गाडीवर जेवणाला वेळ मिळायचा नाही, मग भाकरीचं फडकं तसंच घरी परत यायचं आणि पोटाला आधार म्हणून तो सकाळपासून काळी तंबाखू चुन्याशी चोळत राहायचा. शेडमध्ये बसला की चिलीम. डोळ्यांपुढं हल्ली धुरकट वाटायचं, पण इंजिनावरच्या माणसाला धूर काय नवा. वय झालं, असं तो मनाशी म्हणायचा.

आपल्या लाईनीवर त्याला अडचण अशी कधी आलीच नाही. तिथं सिग्नलला हात असायचा. आडवा असला की थांबायचं, खाली झुकला की जायचं. गाडी दिवसाउजेडीच धावायची, तेव्हा तो हात आभाळावर काळा उमटलेला दिसला की पुरे. शिवाय कुठला सिग्नल कुठल्या बाभळीच्या मागं आहे हे त्याला घरातल्या चुलीसारखं ठाऊक होतं.

सन छत्तीसच्या भाद्रपदात एका रात्री तुफान पाऊस झाला आणि कटफळ आणि बारामती यांच्यामधल्या ओढ्यानं रेल्वेच्या पुलाचा एक खांब नेला. गाडी कटफळाला येऊन थांबू लागली. पुढं लोकांनी चिखलातून चालत जायचं. गुरुवारचा बाजार ओस पडला. कोर्टाच्या तारखेला निघालेले, दवाखान्याला निघालेले, माहेरहून परतणाऱ्या लेकुरवाळ्या, सगळे कटफळाच्या फलाटावर ओल्या गाठोड्यांवर बसून राहायचे.

इंदापूरच्या बाजूला एक साखर कारखाना होता. ऊस वाहायला त्यानं आपली स्वतःची लाईन टाकलेली होती. तिचा एक फाटा कटफळाला येऊन मिळायचा आणि दुसरा कालव्याच्या कडेकडेनं बारामती स्टेशनापर्यंत जायचा. रुळांची रुंदी दोन्हीकडं एकच होती. गाळप दिवाळीनंतर सुरू होणार, तोवर ती लाईन रिकामीच. तेव्हा दोन्हीकडच्या साहेबांनी बसून ठरवलं, की पूल होईस्तोवर प्रवाशांची गाडी कारखान्याच्या लाईनीवरून फिरवून बारामतीला न्यायची. कारखान्याची इंजिनं फार लहान, त्यांना डबे ओढायचे नाहीत. म्हणून इंजिन रेल्वेचं, ड्रायव्हरही रेल्वेचा. अट एकच होती. परक्या लाईनीवर शिरताना त्या लाईनीचा एक जाणता माणूस इंजिनावर उभा राहिला पाहिजे. कागदोपत्री त्याला पायलट म्हणायचं. लोक त्याला वाटाड्या म्हणू लागले.

हा वाटाड्या म्हणजे बिरू मारकड. कारखान्याच्या लाईनीवरचा मुकादम, पळसदेव गावचा धनगर, अंगानं उंच आणि मिश्या पांढऱ्या. पहिल्या दिवशी कटफळाला तो इंजिनावर चढला, डोक्याचं मुंडासं सारखं केलं आणि आबाजीला रामराम घालून म्हणाला,

“डायवरसाहेब, आमच्या लाईनीला हात न्हाय बरं का. खांबावर पत्र्याची गोल ताटली असती. तांबडी दिसली की थांबायचं, हिरवी दिसली की जायचं. आन् फाटकावर माणूस हाय, त्यो फडकं दावतो. तितंबी तसंच.”

“म्हंजी नुसता रंग,” आबाजी म्हणाला.

“नुसता रंग. उसाच्या गाड्यांना आनी काय पायजे?”

आबाजीनं शिट्टीची दोरी ओढली. गाडी निघाली. परकी लाईन म्हणून ती बेताच्या चालीनंच न्यायची होती. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच मिरचीचे, वांग्याचे वाफे, आणि डाव्या हाताला कालव्याचं गढूळ पाणी. बिरूला सवय अशी, की ताटली दिसली की तो मोठ्यानं सांगायचा. “हिरवी.” पुढं गेलं की पुन्हा, “हिरवी.” रुळांच्या सांध्यापाशी आलं की, “तांबडी, थांबा.” आबाजी त्याच्या आवाजावर गाडी हाकत राहिला. स्वतः पाहिलं तर त्याला खांबावर दरवेळी एकच मातकट ताटली दिसत होती. ऊन फार आहे, पत्रा गंजलाय, असं काहीतरी तो मनाशी धरून होता.

असे काही दिवस गेले. बारामतीच्या लोकांना मोठा आधार झाला. फाट्यावर, बांधावर माणसं उभी राहून गाडीकडं पाहायची. ज्या रुळांवरून फक्त ऊस जायचा त्यांवरून आता बायका-पोरं डब्यांतून बाहेर डोकावत जात होती. कालव्याच्या फाटकावर छबूबाई नावाची बाई असायची. नवरा याच कामावर असताना वारला आणि कारखान्यानं फाटक तिच्याकडं दिलं. ती दोन फडकी काठ्यांना लावून उभी असायची, एक पुढं धरायची, दुसरं काखेत.

एका सकाळी बिरूचा घसा बसला होता. तो मफलर गुंडाळून गप्प उभा होता. फाटक जवळ आलं. छबूबाईनं फडकं पुढं धरलं. आबाजीनं वाफ बंद केली आणि गाडी उभी केली.

छबूबाई फडकं हलवत राहिली. डब्यांतून माणसं विचारू लागली, का थांबली, का थांबली. बिरूनं आबाजीकडं पाहिलं.

“हिरवं हाय की,” तो बसक्या आवाजात म्हणाला.

“व्हय. मला वाटलं बैल हायती पुढं.”

पुढं बैल नव्हते. बिरूनं हातानंच पुढं जायची खूण केली. पण त्या दिवसापासून तो आबाजीच्या डोळ्यांकडं पाहू लागला. आबाजीला ते कळायचं आणि त्याला राग यायचा.

नंतरच्या गुरुवारी बाजारामुळं गाडी खच्चून भरली होती. फाटकाच्या अलीकडं मागच्या डब्यातून आरडाओरडा झाला. एका दाराची कडी निघाली होती आणि एका म्हातारीचं गाठोडं दाराबाहेर लोंबत होतं. बिरू इंजिनाच्या बाजूनं मागं वाकून, कडी लावा म्हणून हातानं खुणा करत होता. फायरमन झुंबर भट्टीत कोळसा टाकत होता. पुढं पाहणारा एकटा आबाजी.

छबूबाई नेहमीच्या जागी उभी नव्हती. ती रुळांच्या कडेनं गाडीकडं पळत येत होती. हातातलं फडकं वर धरलेलं. आबाजीला फडकं दिसलं, बाई पळताना दिसली, पण फडक्याचा रंग त्याला लागला नाही. मागच्या खेपेला थांबवली तेव्हा हिरवं होतं, लोक कुरकुरले होते, बिरूनं तसं पाहिलं होतं, हे सगळं त्याच्या डोक्यात एकदम आलं. त्यानं दांडा ढकलला नाही, पण मागंही ओढला नाही. गाडी चालत राहिली. छबूबाई ओरडत होती ते वाफेच्या आवाजात बुडून गेलं.

बिरू वळला आणि त्यानं पाहिलं. तोंडानं काही म्हणायच्या आधीच त्यानं आबाजीच्या पुढून हात घातला आणि ब्रेकची मूठ पूर्ण ओढली. झुंबर भट्टीवर जाता जाता वाचला. डब्यांतली माणसं एकमेकांवर आपटली. इंजिन किंचाळत घसरत गेलं आणि थांबलं.

पुढं फाटकात एक बैलगाडी रुतली होती. अप्पा नावाचा एक बागवाला माळवं घेऊन बाजाराला निघाला होता आणि रुळांमधल्या चिखलात त्याचं चाक बसलं होतं. बैल त्यानं सोडून काढले होते, स्वतः मात्र चाकाला खांदा देऊन होता. इंजिनाचं तोंड आणि त्याची पाठ यांच्यामध्ये एक माणूस आडवा झोपेल एवढी जागा उरली होती. अप्पा तिथंच मटकन खाली बसला. त्याच्या गाडीतली मिरच्यांची पाटी उलटून चिखलात पडली होती.

मागून गार्ड धावत आला. कुणाला लागलं नाही, एवढं बघितल्यावर त्यानं विचारलं, काय झालं.

“बारामतीत टेशनमास्तरला सांगतो,” बिरू म्हणाला. “आदी गाडी काढू.”

माणसं उतरली आणि चाकाला भिडली. आबाजी इंजिनाच्या पायरीवर बसून राहिला. बिरू त्याच्याजवळ येऊन उभा राहिला.

“उन्ह डोळ्यावर आलं,” आबाजी म्हणाला.

“उन्ह पाठीवर हाय, डायवरसाहेब.”

बिरू खाली वाकला आणि पडलेल्या पाटीतल्या दोन मिरच्या उचलून धोतराला पुसल्या. दोन्ही ताज्या, दोन्ही सारख्याच लांब. एक पिकून लाल झालेली, दुसरी अजून हिरवी. त्यानं दोन्ही तळहातावर ठेवून हात पुढं केला.

“यातली तांबडी कंची?”

आबाजीनं बराच वेळ पाहिलं. आजूबाजूला माणसं ‘हैश्या’ करत चाक उचलत होती. त्यानं एक मिरची उचलली. बिरूनं ती परत घेतली, आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता हे पाहून आबाजीला जास्तच लाज वाटली.

“कदीपास्नं?”

“ठावं न्हाय,” आबाजी म्हणाला, आणि ते खरं होतं. “लई दिस झालं आसंल. आमच्या लाईनीवर हाताची सवय. कळलंच न्हाय मला, बिरूबा. आन् कळत व्हतं तवा मी बगितलं न्हाय.”

बिरू त्याच्या शेजारी पायरीवर टेकला.

“ऐका. हितनं पुढं झुंबरला दांडा धरू द्या. तुमी कोळसा टाका. उंद्या सकाळी मास्तरला तुमच्या तोंडानं सांगायचं. मी संगं यीन. तुमी न्हाय सांगितलं तर मी सांगणार, आन् ते मला आवडणार न्हाय. पण सांगणार.”

“नोकरी जाईल माझी. खोली जाईल.”

“जाईल बी.” बिरूनं खोटा धीर दिला नाही. “पण ह्यो बागवाला जित्ता हाय. आज तुमी जाऊन सांगू शकता. उंद्या त्याच्या बायकूला काय सांगितलं असतं?”

गाडी पुढं निघाली तेव्हा दांडा झुंबरच्या हातात होता, बिरू त्याच्या खांद्याशी उभा राहून ताटल्या सांगत होता, आणि आबाजी पहिल्यासारखा फावडं घेऊन भट्टीपुढं वाकला होता. बारामती येईपर्यंत त्यानं मान वर केली नाही.

घरी गेल्यावर त्यानं द्वारकाबाईला सगळं सांगितलं. ती चुलीपुढं बसून ऐकत राहिली. ऐकून झाल्यावर उठली आणि ट्रंकेतून एक खण काढून त्याच्यापुढं ठेवला.

“ह्यो गेल्या संक्रांतीला आणला तुमी. म्हनाला, तांबडा खण हाय, तुला शोभंल.”

“मग?”

“हिरवा हाय, आवं.”

आबाजीनं खण उलटासुलटा केला.

“मग तवाच का न्हाय बोललीस?”

“दुकानदारानं फसवलं आसंल, तुमाला वाईट वाटंल, म्हनून ठेवला तसाच.” ती पुढं म्हणाली, “माजंबी चुकलं. इचारायला पायजे व्हतं.”

तिनं खण परत ट्रंकेत ठेवला. मग तिनं ताट वाढलं आणि तो दोन वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. मनावरचं ओझं सांगून टाकलं की भूक लागते, एवढंच.

सकाळी बिरू स्टेशनाच्या नळावर तोंड धूत उभा होता. रात्री तो गावी गेलाच नव्हता, मालाच्या शेडमध्ये झोपला होता. दोघं मास्तरच्या खोलीत गेले. बिरू दाराशी थांबला आणि आबाजीनं सगळं सांगितलं. डोळे, ताटली, फडकं, अप्पाची गाडी, एकही गोष्ट झाकली नाही. मास्तर कडक माणूस होता. त्यानं आबाजीला तिथल्या तिथं इंजिनावरून उतरवलं आणि दौंडला रेल्वेच्या डॉक्टरकडं पाठवायचं ठरवलं. मग म्हणाला,

“रिपोर्टात मी हेही लिहीन, की तू आपण होऊन सांगितलंस.”

“आपण होऊन न्हाय साहेब,” आबाजी म्हणाला. “ह्यांनी सांगाय लावलं.”

“मी नुसता दारात हुबा हाय,” बिरू म्हणाला.

दौंडचे डॉक्टर म्हातारे होते आणि कमी बोलत. त्यांनी टेबलावर रंगीत लोकरीच्या लड्या ओतल्या आणि एकेक रंग जुळवायला सांगितलं. आबाजीनं लाल, हिरवं, करडं सगळं एका ढिगात घातलं. डॉक्टरांनी त्याची बोटं धरून पाहिली, दात पाहिले, मग विचारलं,

“तंबाखू किती खातोस?”

आबाजीनं सांगितलं.

“आणि जेवतोस किती?”

तेही सांगितलं. डॉक्टर खुर्चीत मागं टेकले.

“हा आजार जन्माचा नाही. तंबाखूचा आहे. उपाशीपोटी इतकी तंबाखू खाल्ली की डोळ्यामागची शीर मंदावते आणि सगळ्यात आधी तांबडा आणि हिरवा जातो. मी असे दोघे-तिघे पाहिलेत. तंबाखू पूर्ण सोड. कमी नाही, पूर्ण. दूध पी, पालेभाजी खा, कलेजी मिळाली तर खा. काही महिन्यांत डोळे परत येतील. बहुतेक येतील. आणखी वर्षभर असाच राहिला असतास तर डोळे परत येतील असं मी म्हटलं नसतं.”

आबाजी बाहेर येऊन दवाखान्याच्या ओट्यावर बसला. कनवटीची तंबाखूची पिशवी काढली. टाकवेना. शेवटी शेजारी बसलेल्या एका हमालाला त्यानं ती देऊन टाकली, आणि तो घेऊन गेल्यावर आपण त्या माणसाचं भलं केलं की वाईट, हा विचार करत तो गाडीची वाट पाहत राहिला.

पुढचे महिने सोपे गेले नाहीत. त्याला शेडमध्ये कोळसा आणि पाण्याच्या कामावर घातलं, पगार उतरला. पण खोली राहिली. मास्तरच्या त्या एका वाक्यामुळं राहिली, असं सगळे म्हणत. आबाजीला झोप यायची नाही, डोकं दुखायचं, तो द्वारकाबाईवर खेकसायचा आणि मग ओशाळा होऊन तिच्या हातची भांडी घासायला घ्यायचा. त्याची गाडी आता दुसरा ड्रायव्हर नेत होता. शिट्टी ऐकू आली की तो शेडच्या मागच्या बाजूला जाऊन उभा राहायचा.

बिरू मात्र दर गुरुवारी यायचा. कधी कालव्याकडची चाकवताची जुडी, कधी दह्याचं गाडगं, कधी पानात बांधलेली कलेजी. द्वारकाबाईनं पहिल्यांदा नको म्हटलं तेव्हा तो म्हणाला, “मेंढरं आमच्या घरची हायती, वैनी. इकत न्हाय आणली.” आबाजीला सोबत म्हणून त्यानंही तंबाखू सोडल्याचं जाहीर केलं. ही शपथ पंधरवडाभर टिकली. एका गुरुवारी तो आला आणि दारातच उभा राहून म्हणाला, “आबाजीराव, माझी मोडली. परवा सासुरवाडीला गेलो, तितं मेव्हण्यानं पुढं केली.” आबाजी इतक्या दिवसांत पहिल्यांदा खदखदून हसला. त्याची स्वतःची मोडली नाही. बिरूची मोडली म्हटल्यावर तर त्याला उलट जोर आला.

दिवाळी झाली, पूल झाला, गाडी आपल्या जुन्या रस्त्यानं धावू लागली. कारखान्याच्या लाईनीवर पुन्हा ऊस सुरू झाला. आता बिरूला बारामतीला यायचं काही कारण नव्हतं, तरी तो उसाच्या गाडीवर बसून यायचा.

मार्गशीर्षात एका सकाळी आबाजी स्टेशनात पाणी भरत होता. फलाटाच्या भिंतीला आगीसाठी वाळूच्या बादल्या टांगलेल्या होत्या. वर्षानुवर्षं तिथंच असलेल्या बादल्या, त्यांच्याकडं कोण पाहतं. तो पुढून गेला आणि थांबला. मागं वळून त्यानं पुन्हा पाहिलं. बादल्या लाल होत्या. विटेच्या नाही, मातीच्या नाही, चांगल्या रसरशीत लाल होत्या, आणि भिंतीच्या चुन्यावर अशा उठून दिसत होत्या की आपण त्या आजवर कशा पाहिल्या नाहीत, हेच त्याला कळेना. त्यानं जवळ जाऊन एकीला हात लावला. मास्तर खिडकीतून पाहत होता.

दौंडच्या डॉक्टरांनी लोकरीच्या लड्या पुन्हा ओतल्या. आबाजीनं लालाला लाल, हिरव्याला हिरवा लावत नेला. एका लडीपाशी अडखळला. डॉक्टर म्हणाले, तिच्यापाशी मीही अडखळतो. आणखी महिनाभरानं परत बोलावलं, पुन्हा तपासलं, आणि मग कागदावर सही केली. फाल्गुनात आबाजी आपल्या इंजिनावर चढला. झुंबरनं दांडा पुसून ठेवला होता.

रजा मिळाल्याबरोबर आबाजी आणि द्वारकाबाई पळसदेवला निघाली. बिरूनं उसाच्या रिकाम्या गाडीवर त्यांची बसायची सोय केली होती. कालव्याच्या फाटकाशी आबाजीनं गाडी जरा थांबवायला सांगितली आणि उतरून छबूबाईला हात जोडले. द्वारकाबाईनं तिच्यासाठी लुगडं आणलं होतं. छबूबाई गोंधळली.

“मी काय केलं? मी आपली पळत सुटले.”

“त्येच,” आबाजी म्हणाला. “जाग्यावरच हुबी राह्यली असतीस तर बिरूबाला तू दिसलीच नसतीस.”

कारखान्यापासून पुढं बैलगाडी होती. पळसदेवात भीमेच्या काठाला बिरूचं घर, पुढं मेंढरं कोंडायचा वाडगा. बिरूच्या बायकोनं, प्रयागबाईनं, सकाळपासून स्वयंपाक मांडला होता. नदीचे मासे, बाजरीची भाकरी, वर तूप. आबाजी जेवला, हात धुतले, आणि बोलायला म्हणून सरसावून बसला. बैलगाडीत येताना त्यानं मनात चांगलं जुळवून ठेवलं होतं. पण बिरू समोर बसला आणि त्याला एक अक्षर सुचेना. तो नदीकडं पाहत म्हणाला, “पाणी अजून बरंच हाय.”

“हाय,” बिरू म्हणाला.

द्वारकाबाई भिंतीशी बसली होती. ती पुढं सरकली.

“ह्यांला बोलता येत न्हाय. मी बोलते. त्या दिवशी तुमी गप बसला असता तर ह्यांची नोकरी तशीच चालली असती, आन् कुनाचं तरी घर बुडालं असतं, आन् मग आमचंबी. तुमी गप बसला न्हाय. पर सांगून मोकळंबी झाला न्हाय, गुरुवारच्या गुरुवारी येत राह्यला. माझ्या पाटचा भाऊ न्हाय. आजपास्नं तुमी हाय. चालतं का बगा.”

बिरूनं मुंडासं काढून मांडीवर घेतलं. एवढा मोठा माणूस, त्याला कुठं बघावं कळेना.

“आबाजीराव, ऐकून घ्या,” तो म्हणाला. “मास्तरच्या खोलीत तुमी एकबी गोष्ट झाकली न्हाय. मी दारात हुबा राहून ऐकत व्हतो. माझ्यानं तसं झालं असतं का, मला ठावं न्हाय. म्हनून येत व्हतो. उपकार म्हनून न्हाय.”

प्रयागबाई आतून सूप घेऊन आली. सुपात खण, नारळ, मूठभर गहू. तिनं द्वारकाबाईला पाटावर बसवलं आणि नणंद पहिल्यांदा घरी आली म्हणून तिची ओटी भरली. दोघी मग आत जाऊन बसल्या आणि त्यांचं बोलणं संध्याकाळपर्यंत थांबलं नाही.

निघायच्या वेळी प्रयागबाई दारात म्हणाली, “वन्सं, एक इचारू? मी आजवर आगगाडीत बसले न्हाय. हे इतकी वर्सं लाईनीवर हायती, पर मला भ्या वाटतं. भाऊजी हाकणार असतील तर बसंन म्हनते.”

पुढच्या पंधरवड्यात बिरू तिला मोठ्या लाईनीवरच्या दिकसाळ स्टेशनाला घेऊन आला. मोठ्या गाडीनं दौंडपर्यंत येताना ती त्याच्या दंडाला धरून होती. दौंडला छोटी गाडी उभी होती. आबाजी इंजिनावरून खाली उतरला, फडक्यानं हात पुसले आणि तिला इंजिनामागच्या पहिल्याच डब्यात खिडकीशी बसवलं. बिरू तिच्याजवळ बसायला निघाला तर ती म्हणाली, “तुमी जावा त्यांच्यापाशी. मी बसते.”

पण इंजिनावर आता बिरूचं काम नव्हतं. लाईन आबाजीची होती. बिरू परत येऊन तिच्या शेजारीच बसला. शिरसुफळ स्टेशन मागं गेलं तेव्हा तिनं डोळे घट्ट मिटलेले होते. कटफळाच्या पुढं तिनं एक डोळा उघडला. नव्या पुलावर गाडी आली तेव्हा दोन्ही डोळे उघडून ती खाली ओढ्यात गुडघाभर पाण्यात लुगडी धुणाऱ्या बायांकडं पाहत होती. बारामती आली. फलाटावर द्वारकाबाई उभी होती. प्रयागबाई उतरली, पदर सारखा केला आणि आधी इंजिनाकडं गेली.

“चांगली आणली,” ती आबाजीला म्हणाली, आणि मग नणंदेकडं वळली.